पडत्या काळातली गाणी न टाकणारा बँड : आयर्न मेडनचं प्रकरण

२८ ऑगस्ट १९९३. लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रुस डिकिन्सन याचा बँडबरोबरचा निरोपाचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित होत होता. गाण्यांच्या मधे सायमन ड्रेक नावाचा जादूगार रक्तबंबाळ खेळ करत होता. अकरा-बारा वर्षं ज्या आवाजावर बँड उभा होता, त्याला निरोप द्यायची ही तऱ्हा बघितली की बँडचं त्या वेळी किती बिनसलं होतं हे कळतं. त्या आधीच्या निरोपाच्या दौऱ्यात बँडचा प्रमुख आणि बासवादक स्टीव्ह हॅरिस वैतागलेला होता. डिकिन्सन काही रात्री मनापासून गातच नाही, हे त्याने पुढे उघडपणे बोलून दाखवलं. जाणार हे जाहीर झाल्यावर रोज रात्री काहीच घडलं नाही अशा थाटात उभं राहणं अवघड होतं, असं डिकिन्सनचं म्हणणं.

पुढची साडेपाच वर्षं मेडन घसरत गेला. १९९९ मध्ये डिकिन्सन परतला आणि आज, पन्नास वर्षं उलटल्यावरही, हा बँड मोठी स्टेडियमं भरतो. ही गोष्ट साधारणपणे एका ओळीत सांगितली जाते: गायक गेला म्हणून बँड पडला, गायक आला म्हणून उठला. मला ती पटत नाही. घसरण गायक जायच्या आधीच सुरू झाली होती. आणि नुसता गायक परत आणून निभावलं असतं, तर त्या पिढीतल्या कितीतरी बँडांची पुनर्मीलनं दोन-तीन वर्षांत विरली नसती. मेडन तगला याचं खरं कारण माझ्या मते असं: परत उभं राहताना त्यांनी पडत्या काळातलं काहीही खोडलं नाही. त्या काळात आलेला गिटारवादक ठेवला, त्या काळातली गाणी ठेवली आणि त्या काळातली एक सवय, म्हणजे लोकांना नकोशी वाटली तरी नवी लांबलचक गाणी लिहिण्याची, तीही ठेवली. फक्त जिथे खरोखर चुकत होतं तेवढं बदललं.

चढती कमान

हा भाग चाहत्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमधल्या लेटनमध्ये बँड काढला. पहिले दोन अल्बम पॉल डियानोच्या आवाजात, मग १९८१ मध्ये सॅमसन या बँडमधून डिकिन्सन आला. १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९८४-८५ चा ‘पॉवरस्लेव्ह’चा दौरा ३३१ दिवस चालला आणि त्यात १८० हून अधिक कार्यक्रम झाले. त्यातच ११ जानेवारी १९८५ ला रिओ द जानेरोमध्ये क्वीनच्या आधी ते लाखोंच्या गर्दीसमोर वाजवून आले. ब्राझीलशी त्यांचं नातं जडलं ते तिथे, आणि पुढे त्याच नात्याने त्यांना तारलं.

याच वर्षांत आणखी एक गोष्ट रुजली. रेडिओ मेडनला फारसा वाजवत नसे, त्यामुळे त्यांची कमाई रेडिओवर अवलंबून राहिलीच नाही. मॅनेजर रॉड स्मॉलवूडने सगळी भिस्त दौऱ्यांवर आणि एडी या राक्षसी सांगाड्याच्या चित्रांवर ठेवली. टी-शर्ट, पोस्टर, कव्हर, मंचावर येणारा अजस्र एडी. गायक बदलला तरी एडी बदलत नाही. पडत्या वर्षांत ही व्यवस्था फार कामाला आली.

घसरण कधी सुरू झाली

१९९० मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ बाहेर पडला. १९८८ च्या ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’मध्ये त्यांनी कीबोर्ड वापरले होते, गाणी एका कथेत गुंफली होती, आणि तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला होता. स्मिथला त्याच वाटेने पुढे जायचं होतं. हॅरिसला उलट रांगड्या, कच्च्या आवाजाकडे परतायचं होतं. स्मिथच्या जागी जॅनिक गर्स आला. नवा अल्बम एसेक्समधल्या हॅरिसच्या स्वतःच्या आवारातल्या कोठारात, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ आणून रेकॉर्ड झाला. डिकिन्सनही या काळात घोगऱ्या, खरडलेल्या आवाजात गाऊ लागला होता.

गंमत अशी की मेडनचं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव सिंगल याच अल्बममधलं आहे. १९९० च्या नाताळच्या आठवड्यात ते बाजारात आलं, बीबीसीने जवळजवळ वाजवलंच नाही, तरी चाहत्यांनी धडाधड विकत घेऊन जानेवारी १९९१ मध्ये वर नेलं. १९९२ चा ‘फिअर ऑफ द डार्क’ही ब्रिटनमध्ये पहिला आला. त्या वर्षी डोनिंग्टनच्या महोत्सवात तेच मुख्य बँड होते. आकडे बघून कुणीही म्हणालं असतं की सगळं आलबेल आहे. पण अल्बम ऐकला की दिसतं: बारा गाण्यांपैकी दोन-तीन जीव ओतून केलेली, बाकीची भर घातल्यासारखी.

त्या दोन-तीनांतलं एक म्हणजे अल्बमचंच नाव असलेलं शेवटचं गाणं. अंधारात कुणीतरी मागे चालत असल्याची भीती, इतकाच त्याचा विषय. सुरुवातीची गिटारची धून सोपी, सावकाश, आणि मुख्य म्हणजे शब्दांशिवाय गाता येण्याजोगी. भाषा येत नसली तरी मैदानातली माणसं ती धून ‘ओ-ओ-ओ’ करत गातात. स्पेनमध्ये, ग्रीसमध्ये, ब्राझीलमध्ये या गाण्याने बँडला जे दिलं ते ऐंशीच्या दशकातल्या नावाजलेल्या गाण्यांनीही क्वचित दिलं असेल. आणि ते आलं उतरत्या अल्बमातून. बँडने ते तेव्हाच ओळखलं आणि पुढे जवळजवळ प्रत्येक दौऱ्यात धरून ठेवलं.

बाहेरचं वातावरणही बदलत होतं. १९९१ च्या उत्तरार्धात मेटालिकाचा काळ्या कव्हरचा अल्बम आला, पाठोपाठ निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’. अमेरिकन वाहिन्यांना आणि रेकॉर्ड कंपन्यांना जुन्या ढंगाचा ब्रिटिश मेटल एकदम शिळा वाटू लागला. जुडास प्रीस्ट या दुसऱ्या ब्रिटिश मेटल बँडमधून गायक रॉब हॅलफर्डही याच सुमारास बाहेर पडला.

पट्टीचा प्रश्न

१९९४ मध्ये बऱ्याच चाचण्यांनंतर वुल्फ्सबेनचा गायक ब्लेझ बेली मेडनमध्ये आला. वुल्फ्सबेन १९९० मध्ये मेडनच्या दौऱ्यात आधी वाजवणारा बँड होता, त्यामुळे माणूस ओळखीचा होता. त्याच्यावर जी टीका झाली ती बरीचशी चुकीच्या जागी झाली असं मला वाटतं. यात थोडं खोलात जायला हवं, कारण या प्रकरणातली खरी गाठ इथेच आहे.

डिकिन्सनचा आवाज तार सप्तकात सहज फिरणारा, तिथे टिकून राहणारा. बेलीचा आवाज खालचा. जाड, जड आणि खर्जात भरदार. दोन्ही आवाज वाईट नाहीत, फक्त त्यांची घरं वेगळी. आपल्याकडे संगीत नाटकात नवा नट भूमिकेला आला की पेटीवाला आधी त्याची पट्टी विचारतो आणि पद त्या पट्टीत बसवून घेतो. हॅरिसच्या बँडने हे केलं नाही. जुनी गाणी मूळ पट्टीतच वाजत राहिली आणि डिकिन्सनच्या आवाजासाठी बांधलेल्या चालींपर्यंत बेलीने रोज रात्री पोहोचावं अशी अपेक्षा राहिली. दोन तासांचा कार्यक्रम, आठवड्यात चार-पाच रात्री, महिनोन्महिने. खालच्या आवाजाच्या गायकाने घसा ताणून वरचा सूर काढायचा म्हटलं की पहिल्या आठवड्यात तो निघतो, तिसऱ्यात फाटतो, पाचव्यात बसतो. तसंच झालं. दोन्ही दौऱ्यांत बेलीच्या घशामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले.

त्याच्या आवाजासाठी मुद्दाम लिहिलेली गाणी ऐकली की तोच माणूस वेगळा वाटतो. १९९५ च्या ‘द एक्स फॅक्टर’चं पहिलं गाणं ‘साइन ऑफ द क्रॉस’ अकरा मिनिटांचं आहे. सुरुवातीला मठातल्या साधूंसारखं सामूहिक पठण, मग बासची हळू चाल, आणि तिच्यावर बेलीचा जवळजवळ कुजबुजता, खालचा आवाज. इथे तो घरात आहे. त्या काळात हॅरिसचा घटस्फोट चालला होता. अल्बम काळोखा आहे, संथ आहे, एक तास दहा मिनिटांहून लांब आहे. खटकतो तो अल्बमचा ध्वनी. हॅरिसने स्वतःच्या स्टुडिओत निर्मितीची सूत्रं स्वतःकडे ठेवली, आणि ध्वनी इतका कोरडा, इतका पातळ झाला की गिटारींमधला दम गेला. चांगलं लिहिलेलं गाणं कोंदट खोलीत ऐकतोय असं वाटत राहतं.

१९९८ चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ त्याहून विस्कळीत. अकरावा अल्बम, त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक, हॅरिस फुटबॉलवेडा, तेव्हा अल्बमची जाहिरातही फुटबॉलच्या अंगाने झाली. पहिल्या सिंगलसाठी निवडलेलं गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं, आणि त्यातली एकच ओळ इतक्यांदा येते की चाहतेही कंटाळले. त्याच अल्बमात ‘द क्लॅन्समन’ आहे, जे पुढे अनेक देशांत मैदानं हलवणार होतं. पण त्या वर्षी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ‘द एक्स फॅक्टर’ ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला होता, ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ सोळाव्यावर थांबला. अमेरिकेत १९९२ मध्ये बाराव्या क्रमांकावर असलेला हा बँड आता पहिल्या शंभरातही नव्हता. तिथली मोठी कंपनी सुटली होती आणि अल्बम एका छोट्या कंपनीकडून निघत होते.

घसरण कुठे होती आणि कुठे नव्हती

हे अनेकदा सांगायचं राहून जातं. १९९६ मध्ये अमेरिकेत मेडन क्लब आणि छोट्या थिएटरांत वाजवत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच गायकासह, साओ पावलोच्या पाकायेंबू स्टेडियमवर मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात तो मुख्य बँड होता. बेलीचा शेवटचा कार्यक्रमही डिसेंबर १९९८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या एका फुटबॉल मैदानावर झाला.

म्हणजे बँड मेला होता तो अमेरिकेत, आणि बराचसा मायदेशात. लॅटिन अमेरिका, स्पेन, ग्रीस, स्कँडिनेव्हिया इथे गर्दी कमी झाली असेल, पण माणसं सोडून गेली नाहीत. ऐंशीच्या दशकात या बँडने पोलंडसारख्या देशांतही, पोलादी पडद्याच्या पलीकडे जाऊन, दौरे केले होते. जिथे बाकीचे जात नव्हते तिथे आधी गेल्याची पुण्याई पडत्या काळात कामाला आली. एकाच बाजारावर पोट असतं तर १९९८ मध्ये दुकान बंद झालं असतं.

या वर्षांत डिकिन्सन काय करत होता? सुरुवातीला चाचपडत होता. डिसेंबर १९९४ मध्ये वेढ्यात अडकलेल्या साराजेव्होत आपला बँड घेऊन गेला, गोळीबाराच्या सावटाखाली रात्री डोंगरवाटेने शहरात शिरला आणि तिथल्या मुलांसमोर गायला. त्याच्याविषयी मला वाटणाऱ्या आदराचं हे मोठं कारण. संगीतात मात्र १९९६ पर्यंत तो मेडनपासून जितकं लांब जाता येईल तितकं जात राहिला आणि त्याला फार कुणी विचारलं नाही. मग १९९७ मध्ये गिटारवादक रॉय झी आणि चक्क एड्रियन स्मिथ यांना घेऊन त्याने ‘ॲक्सिडेंट ऑफ बर्थ’ केला, १९९८ मध्ये ‘द केमिकल वेडिंग’. दोन्ही निखळ मेटल आणि दोन्ही उत्तम. ज्या वर्षी मेडनचा अल्बम लडखडला त्याच वर्षी त्यांच्या जुन्या गायकाने आणि जुन्या गिटारवादकाने मिळून त्याहून सरस अल्बम दिला. चाहत्यांनी हे बघितलं, स्मॉलवूडनेही बघितलं.

१९९९ : काय बदललं, काय ठेवलं

पुढाकार स्मॉलवूडचा. हॅरिस सुरुवातीला फारसा राजी नव्हता. जो सोडून गेला त्याच्या मागे लागायचं नाही, हा त्याचा स्वभाव. जानेवारी १९९९ मध्ये बेलीला थांबायला सांगण्यात आलं. त्याच महिन्यात ब्रायटनला हॅरिस आणि डिकिन्सन भेटले. हॅरिसला एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती, ती म्हणजे हा पुन्हा निघून जाणार नाही. डिकिन्सनचाही आग्रह होता: जुन्या गाण्यांच्या दौऱ्यावर भागवायचं नाही, नवा अल्बम करायचा, आणि तो घरच्या कोठारात न करता बाहेरच्या निर्मात्याबरोबर, नीट स्टुडिओत.

स्मिथ परतला तेव्हा गर्सचं काय करायचं हा प्रश्न होता. गणित सरळ होतं. ऐंशीच्या दशकातला संच परत आणायचा तर स्मिथच्या जागी आलेल्याने बाहेर पडावं. जगातल्या बहुतेक पुनर्मीलनांत असंच होतं. इथे गर्स राहिला. मेडन सहा जणांचा झाला: हॅरिस, जुना गिटारवादक डेव्ह मरे, स्मिथ, गर्स, ढोलांवर निको मॅकब्रेन आणि डिकिन्सन. तीन गिटार कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं.

त्याचं उत्तर वाजवण्यात आहे. मेडनची ओळख म्हणजे दोन गिटारींनी एकच धून दोन वेगळ्या सुरांत, हातात हात घालून वाजवणं. पण दोघेही धून वाजवू लागले की खाली लय धरायला गिटार उरत नाही. ऐंशीच्या दशकात ती पोकळी हॅरिसचा घोड्याच्या टापांसारखा दौडणारा बास भरून काढायचा. तिसरा आल्यावर दोघांनी धून घ्यावी आणि तिसऱ्याने खाली ठोका धरावा, असं जमू लागलं. मग लांब गाणी पोकळ वाटेनाशी झाली. शिवाय तिघांचे हात वेगळे: मरेचे मऊ, वाहते स्वर, स्मिथचे मोजून-मापून रचलेले, गर्सचे अंगावर येणारे, काहीसे बेभान. १९९० नंतरची मेडनची गाणी लांबत गेली होती, आणि त्यांना पेलणारा संच अखेर १९९९ मध्ये मिळाला. गर्सला काढलं असतं तर हे झालं नसतं.

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पॅरिसमधल्या ग्योम तेल स्टुडिओत, केव्हिन शर्लीच्या हाताखाली, सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवत रेकॉर्ड झाला. मे २००० मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेला. त्यातली काही गाणी ‘व्हर्च्युअल इलेव्हन’च्या काळातच आकाराला येत होती. म्हणजे हॅरिसची लेखणी आटली नव्हती. तिला हवा होता वेगळा आवाज, तिसरी गिटार आणि आपल्याहून वेगळे कान असलेला निर्माता. ५ ऑगस्ट २००० ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची सगळी तिकिटं संपलेली होती. दोन वर्षांपूर्वी याच देशात त्यांना क्लबात वाजवावं लागत होतं.

रिओ, २००१

१९ जानेवारी २००१ ला रॉक इन रिओ महोत्सवात सुमारे अडीच लाख लोक होते. त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा तीच आहे. परतलेल्या गायकाच्या विजयाची रात्र, जगभर दाखवला जाणारा कार्यक्रम, हाताशी ऐंशीच्या दशकातली डझनभर गाजलेली गाणी. अशा रात्री डिकिन्सनने बेलीच्या काळातली दोन लांब गाणी गायली: ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’. दोन्ही मिळून वीस मिनिटं.

‘द क्लॅन्समन’ची सुरुवात बासच्या हलक्या तारांनी होते. डिकिन्सन लोकांशी चार शब्द बोलतो, मग गाणं हळूहळू चढतं आणि ध्रुवपदात ‘फ्रीडम’ हा एकच शब्द आरोळीसारखा येतो. अडीच लाख माणसं तो शब्द ओरडतात. ज्या अल्बमला मायदेशात सोळावा क्रमांक मिळाला होता, त्यातलं हे गाणं.

असं करायला मन मोठं लागतं, विशेषतः गायकाचं. दुसऱ्यासाठी लिहिलेलं गाणं, तेही आपल्या गैरहजेरीतलं, आपल्या सर्वांत मोठ्या रात्री गायचं. पण यात व्यवहारही होता. ती वर्षं गाळून टाकली असती, तर हॅरिस, मरे, गर्स आणि मॅकब्रेन यांची साडेपाच वर्षं वाया गेली असा अर्थ निघाला असता आणि परतलेले दोघे जणू बाकीच्यांना वाचवायला आले असं झालं असतं. ज्या ब्राझीलच्या चाहत्यांनी १९९६ आणि १९९८ मध्ये बेलीसमोर गर्दी केली होती, त्यांना सांगावं लागलं असतं की तुम्ही पाहिलं ते खरं मेडन नव्हतंच. गाणी ठेवल्यामुळे हे काहीच घडलं नाही. २०१८ च्या दौऱ्यातही ही दोन्ही गाणी पुन्हा आली.

बेलीविषयी इथेच सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय झाला असं मी मानतो. काढलं गेल्यावर त्याने २००० मध्ये ‘सिलिकॉन मेसाया’ हा दणकट अल्बम केला, आणि तो आपल्या पट्टीत, आपल्या घशाला झेपेल असा. तेव्हापासून तो छोट्या मंचांवर सातत्याने गात आला आहे. २०२३ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातूनही उठून तो परत गायला लागला. मेडनबद्दल त्याने जाहीरपणे कडवट बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

नवं आणि जुनं

पुनर्मीलन टिकवण्यासाठी मेडनने एक क्रम बसवला: एक दौरा नव्या अल्बमचा, एक जुन्या गाण्यांचा. जुन्या गाण्यांच्या दौऱ्यात नवी पिढी येते, पैसा येतो. नव्या अल्बमच्या दौऱ्यात बँड जिवंत राहतो. २००६ मध्ये तर ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा युद्धावरचा जड, लांब गाण्यांचा अल्बम त्यांनी मंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने वाजवला. त्यावर काही चाहत्यांनी कुरकुर केली. मला तो त्यांचा या शतकातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेला त्यांचा पहिला अल्बम हाच.

त्याच दौऱ्यात १७ मार्च २००७ ला ते बंगळूरला आले. आणि लगेच पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर, त्यांच्या जुन्या गाण्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात झाली. हा दौरा म्हणजे स्मॉलवूड आणि डिकिन्सन यांच्या डोक्यातली अचाट कल्पना होती. डिकिन्सन प्रवासी विमानाचा परवानाधारक वैमानिक. एक बोइंग ७५७ भाड्याने घ्यायचं, मागच्या खुर्च्या काढून तिथे टनावारी सामान भरायचं, पुढे बँड आणि कामगार बसवायचे, आणि गायकानेच विमान उडवायचं. ४५ दिवसांत पाच खंडांत २३ कार्यक्रम, सुमारे ८० हजार किलोमीटर. सामान जहाजाने पाठवायचं तर मुंबई, ऑस्ट्रेलिया, जपान, मेक्सिको, कोस्टा रिका अशी साखळी इतक्या थोड्या दिवसांत जमलीच नसती. जे देश दौऱ्यांच्या नकाशात बसत नव्हते ते या विमानामुळे बसले.

मुंबईच्या मेटल ऐकणाऱ्यांना त्या रात्रीचं काय वाटलं असेल हे समजायचं तर आधीची वर्षं आठवावी लागतात. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला कॉलेजातली पोरं मेडनची गाणी वाजवायची, एकाची कॅसेट दहा जणांत फिरायची, आणि परदेशी बँड इथे यायचे ते बहुतेक त्यांची गर्दी तिकडे ओसरल्यावर. मेडन आले ते दौऱ्याच्या पहिल्या रात्रीसाठी, पूर्ण मंच घेऊन. त्या विमानप्रवासावर निघालेल्या माहितीपटात मुंबईचे चाहते दिसतात. १९९८ मध्ये हा बँड संपला असता तर आपल्या पिढीला तो कॅसेटवरच भेटला असता.

शरीर

२०१० नंतरचा धोका बाजाराचा नव्हता, वयाचा होता. २०१५ च्या सुरुवातीला डिकिन्सनच्या जिभेच्या मागच्या बाजूला कर्करोगाची गाठ सापडली. ‘द बुक ऑफ सोल्स’ तेव्हा रेकॉर्ड होऊन तयार होता. दीड तासाचा, दोन तबकड्यांचा, शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं. ते सगळं त्याने गाठ असतानाच गायलं होतं. किरणोपचार आणि केमोथेरपी झाली, मे महिन्यात डॉक्टरांनी तो रोगमुक्त असल्याचं सांगितलं, अल्बम सप्टेंबरमध्ये आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा मंचावर होता. या वेळी विमान होतं जंबो ७४७, आणि ते चालवण्याचं प्रशिक्षणही त्याने मधल्या काळात घेतलं.

जानेवारी २०२३ मध्ये मॅकब्रेनला सौम्य पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. सत्तरी गाठलेला ढोलवादक, दोन तास सलग वाजवायचं, आणि मे महिन्यात दौरा. त्याने फिजिओथेरपी घेऊन हात परत मिळवला, पण पूर्ण नाही. ‘द ट्रूपर’मधले काही वेगवान तुकडे आता पूर्वीसारखे निघत नाहीत हे त्याने स्वतः सांगितलं, आणि ते तुकडे सोपे करून वाजवले. जवळपास दोन वर्षं त्याने तसं रेटलं. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोमध्ये शेवटचा कार्यक्रम करून तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. सहा जणांचा तो संच पाव शतक एकत्र राहिला, बँडच्या इतिहासातला सर्वांत टिकलेला संच.

त्याच्या जागी सायमन डॉसन आला. तो हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला. म्हणजे पुन्हा ओळखीतला माणूस. डॉसन मॅकब्रेनची नक्कल करत नाही. काही गाणी तो थोडी संथ, पाय रोवून वाजवतो, आणि डिकिन्सनच्या वयाच्या आवाजाला त्याचा फायदाच होतो. १९९४ मध्ये नव्या माणसाने जुन्या साच्यात बसावं असा हट्ट होता, या वेळी तो दिसत नाही.

२७ मे २०२५ ला बुडापेस्टमध्ये पन्नाशीचा दौरा सुरू झाला. त्यात फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२ ची गाणी आहेत. चाहते खूश आहेत, स्टेडियमं भरताहेत, आणि पन्नाशीला हे शोभतंही. तरी मला एक गोष्ट टोचते. ‘फिअर ऑफ द डार्क’ आत आहे, पण ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ बाहेर राहिली, आणि २००० पासूनच्या सहा अल्बममधलं एकही गाणं नाही. एका दौऱ्यापुरतं ठीक. मागचा, २०२३-२४ चा दौरा मुख्यतः २०२१ च्या ‘सेन्जुत्सू’ आणि १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’ या दोन अल्बमवर उभा होता, त्यामुळे पाळीने पाहिलं तर या वेळी जुन्याची वेळ होतीच. पुढची पाळी नव्याची आहे. सत्तरीकडे झुकलेल्या या माणसांनी अठरावा अल्बम केला, मग तो लांबला, जड झाला, काहींना नकोसा वाटला, तरी मी तो पहिल्याच दिवशी घेणार आहे.